पहिला धडा मोफत

ता. ४ मार्च, बुधवार

डॉक्टर म्हणाले, "राग आला की कुणावर ओरडू नका, वहीत लिहा." म्हणून ही वही. गेली कित्येक वर्षं मी लोकांना मोटार चालवायला शिकवतो. या धंद्यात रक्तदाब वाढला नाही तरच नवल. समोरून ट्रक येत असतो आणि शिकणारा माणूस वायपर चालू करून विचारतो, "सर, ब्रेक हाच ना?"

आजचा राग मात्र घरातला आहे. सासूबाई आमच्याकडेच राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे बाद, जीभ शाबूत. सकाळी चहा घेताना म्हणाल्या, "जावईबापू, मला गाडी शिकवा."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"या वयात कशाला?" मी विचारलं.

"बोर्डावर वयाचं काही लिहिलेलं नाही. 'पहिला धडा मोफत' एवढंच लिहिलंय. तो मोफत आहे का नाही?"

मोफतच आहे. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या बोर्डावर ते पहिल्या दिवसापासून आहे. फुकट म्हटलं की माणूस गाडीत बसतो, आणि एकदा स्टिअरिंग हातात आलं की दुसऱ्या धड्याची फी आपण होऊन देतो. पण ही योजना सासूबाईंसाठी नव्हती. मी हिच्याकडे, म्हणजे बायकोकडे पाहिलं. ही भिंतीकडे पाहत होती. म्हातारपणी माणसाला कसले कसले डोहाळे लागतात, दुसरं काय!

ता. ६, शुक्रवार

सासूबाईंनी शिकाऊ परवाना काढला. मला न विचारता! हिच्याबरोबर जाऊन डोळे तपासून, वाहतुकीच्या खुणांची परीक्षा देऊन आल्या. एकही उत्तर चुकलं नाही म्हणे. आता शिकवण्यावाचून गत्यंतर नाही.

आणखी एक बातमी. महिनाअखेरीला वॉर्डाची निवडणूक आहे आणि आमचं मतदान केंद्र हलवलंय. आम्ही राहतो त्या भागाला सगळे बाटलीवाडी म्हणतात. इथे काचेच्या बाटल्यांचा कारखाना होता. तो बंद पडला, पण कामगारांच्या खोल्या राहिल्या आणि त्यांत कामगारांच्या विधवा, म्हातारे आणि आमच्यासारखे जावई राहिले. मतदान नेहमी वाडीतल्या शाळेत व्हायचं, चपला घालून गेलं की पाच मिनिटांत परत. आता ते हमरस्त्यापलीकडच्या फरशांच्या गोदामात होणार. कारण काय, तर शाळेच्या छताची दुरुस्ती. मी मुद्दाम बघून आलो. भिंतीला एक बांबू टेकवून ठेवलाय आणि त्याच छताखाली पोरं मोठमोठ्यानं पाढे म्हणताहेत.

मी घरी म्हणालो, "बस जाते की तिकडे. एवढं काय त्यात?"

सासूबाई म्हणाल्या, "मला सोमवारीच कळलं होतं," आणि चढावर गाडी धरून ठेवायचा हाफ क्लच म्हणजे नेमकं काय ते विचारायला लागल्या. त्यांचं मन हल्ली एका विषयावर ठरत नाही.

ता. ८, रविवार

आज पाय जमिनीवर नाहीत! आमच्या वॉर्डाचे सदस्य, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणतात, त्यांचा माणूस स्वतः माझ्या ऑफिसात आला. नेहमी पांढरेशुभ्र बूट घालतो म्हणून वाडीत त्याला पांढरेबूट म्हणतात. खुर्चीवर बसला, शिकवण्यासाठी कापून ठेवलेल्या जुन्या गिअरबॉक्सकडे कौतुकानं पाहिलं आणि म्हणाला, "सर, तुमच्यासारखा शिक्षक जिल्ह्यात नाही."

एका मोठ्या कंपनीच्या सगळ्या ड्रायव्हरांना प्रशिक्षण द्यायचंय. दोन्ही गाड्या घेऊन शेजारच्या शहरात जायचं, एकच दिवस, राहणं-जेवण त्यांच्याकडे, आणि फी मी तोंडानं मागायला धजलो नसतो इतकी. शेवटी कुणीतरी गुण ओळखले! समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला हे कळलं तर त्याची झोप उडेल. त्यानं एकदा मागे न बघता गाडी मागे घेतली आणि माझा बोर्ड पाडला. तेव्हापासून मी त्याला रिव्हर्सराव म्हणतो आणि आमचं बोलणं बंद आहे.

घरी सांगितलं तेव्हा हिनं एवढंच विचारलं, "तारीख कोणती?"

"एकोणतीस, रविवार."

ही आणि सासूबाई एकमेकींकडे बघत राहिल्या. नवऱ्याची भरभराट बघून बायकांना कधीकधी शब्द सुचत नाहीत.

ता. ११, बुधवार

संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळ सगळे जमले होते. मी सासूबाईंना आणायला म्हणून गेलो आणि अडकलो.

मतदानाच्या दिवशी सगळ्या बस निवडणुकीच्या कामाला घेणार आहेत. हमरस्त्यावरच्या पुलावर चालायला आणि सायकलीला बंदी आहे, ती तर कायमचीच. खालून वळसा घालून जायचं तर म्हाताऱ्या माणसाला सकाळी निघून दुपारी पोचता येईल. आणि नवा हुकूम निघालाय : त्या दिवशी मतदारांना भाड्यानं किंवा फुकट नेणारी कोणतीही गाडी चालणार नाही, नाहीतर जप्त. स्वतःची गाडी असेल त्यानं खुशाल जावं. बाटलीवाडीत चारचाकी म्हणजे माझ्या दोन, रिव्हर्सरावाच्या मी धरत नाही.

हे सगळं कशासाठी ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. साहेबांनी वाडीचा दवाखाना बंद करून तिथे मेव्हण्याला जिम काढून दिली. त्या दवाखान्यातल्या नर्सबाई आता साहेबांच्या विरोधात उभ्या आहेत. वाडीतल्या निम्म्या लोकांच्या जखमा त्यांनी बांधल्यात. वाडीचं एकही मत साहेबांना पडणार नाही. मग वाडीचं मत पडूच नये, एवढा सोपा हिशेब आहे.

इस्त्रीवाल्या काकूंनी मला विचारलं, "सर, तुमच्या गाड्यांचं काही जमेल का हो?"

मी म्हणालो, "त्या दिवशी मी बाहेरगावी आहे. मोठं काम मिळालंय, साहेबांच्या ओळखीनं."

काकूंनी पदर सारखा केला. बाटल्या फुंकणारे मामा, ज्यांनी कारखान्यात जन्मभर काच फुगवली, ते खोकले. मला राजकारणात पडायचं नाही हे मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय. तरी घरी आल्यावर चहा गोड लागेना. साखर हिनं घातली नव्हती, हे नंतर कळलं.

ता. १२, गुरुवार

सकाळी ही भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, एक विचारू? त्या कंपनीचे ते ड्रायव्हर... त्यांना गाडी येत नाही का?"

"येते की. ड्रायव्हरच आहेत ते."

"मग तुम्ही त्यांना काय शिकवणार?"

"उजळणी," मी म्हणालो.

"बरं," ही म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

दहाच्या धड्याला मी शिकणाऱ्याला दाखवायला स्वतः चालवत होतो. चौकात हिचं वाक्य परत डोक्यात आलं. त्यांना गाडी येते. दोन्ही गाड्या न्यायच्या. एकोणतीस तारखेलाच. आणि चौकाच्या मधोमध गाडी बंद पडली. मी बंद पाडली! शिकणारा मुलगा म्हणाला, "सर, क्लच दाबायचा राहिला वाटतं." मागे हॉर्नचा गोंगाट चालला होता आणि माझे कान तापले होते. मला विकत घेतलं होतं आणि मी वर 'जिल्ह्यात असा शिक्षक नाही' हे खरं मानून चार दिवस कॉलर ताठ करून फिरत होतो. लाज वाटली. सरळ लाज वाटली.

ता. १३, शुक्रवार

साहेबांच्या ऑफिसात जाऊन काम परत केलं. पांढरेबूट हसून म्हणाला, "सर, ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना दरवर्षी नवा करावा लागतो ना?"

मी म्हणालो, "लागतो."

"मग झालं तर. आणि एवढं कुणासाठी करताय? गुडघेदुखीवाल्या बायकांसाठी? त्या काय उडत जाणार आहेत गोदामात?"

बाहेर आलो. परवाना गेला तर खाणार काय? घरी सांगितलं. ही आत गेली आणि दोन चमचे साखर घालून चहा घेऊन आली.

ता. १४, शनिवार

काम सोडलं म्हणून वाडीचा प्रश्न सुटत नाही. हुकूम तोच आहे. मतदाराला गाडीतून नेलं की गाडी जप्त. मी आजवर सिग्नल तोडलेला नाही. हुकूम कसा मोडणार?

दुपारी सासूबाईंचा धडा होता. पुलाच्या अलीकडच्या नाक्यावर पोलिसांनी तपासणी लावली होती. पुढची रिक्षा थांबवून सगळ्यांना खाली उतरवलं. आमच्या गाडीवरची शिकाऊ पाटी आणि स्टिअरिंगमागचं पांढरं डोकं पाहून पोलिसानं नुसता हात केला, "जा, जा. लवकर जा." आणि स्वतः दोन पावलं मागे सरकला. माझ्या शिस्तीचं नाव सगळीकडे आहे, त्याचा हा परिणाम.

हे घरी सांगत होतो तेव्हा ही चहा गाळत होती. म्हणाली, "म्हणजे शिकवणीच्या गाडीला कुणी अडवत नाही तर. आणि पहिला धडा मोफत आहेच आपला. कुणालाही."

तेवढ्यात मला एकदम युक्ती सुचली! वाडीतल्या सगळ्यांना त्या दिवशी पहिला धडा द्यायचा. धड्याचा रस्ता कोणता घ्यायचा ते शिक्षक ठरवतो, आणि तो रस्ता गोदामावरून जाईल. अशा कल्पना कुठून येतात कोण जाणे. मी हिला समजावून सांगितली. ही म्हणाली, "वा! कसं सुचतं हो तुम्हाला?"

ता. १६, सोमवार

निवडणूक कार्यालयात गेलो. चोरून काही करायचं नाही, विचारून करायचं. तिथल्या मोठ्या बाई करड्या आवाजाच्या आहेत, चष्मा नाकाच्या टोकावर. मी विचारलं, "मतदानाच्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूल चालू ठेवायला बंदी आहे का?"

"शाळा म्हणजे वाहतूक नव्हे. कशाला असेल बंदी?"

"शिकणारे मतदारही असले तर?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "गाडी कोण चालवणार?"

"शिकणारा. परवानाधारक. मी शेजारी. माझ्या पायाशीही क्लच-ब्रेक असतो."

"मागे?"

"आपली पाळी यायची वाट बघणारे शिकाऊ. नेहमी बसतात तसे."

"आणि पैसे?"

"पहिला धडा मोफत. बोर्डावर वर्षानुवर्षं आहे."

बाई गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "चालवणारा खरंच शिकाऊ असला पाहिजे. तुम्ही स्टिअरिंगला हात लावलात की ती टॅक्सी झाली. लक्षात ठेवा." आणि हे सगळं शिक्क्यानिशी लिहून दिलं. फार कडक बाई. एवढी बारीकसारीक चौकशी केली, की मला वाटलं आता हाकलतात. निघताना म्हणाल्या, "पुलाचा चढ आहे. हाफ क्लच नीट घोटून घ्या त्यांच्याकडून." यांना काय करायचंय आमच्या हाफ क्लचशी?

ता. १९, गुरुवार

मागे बसायला परवाना लागत नाही, पण दर फेरीला स्टिअरिंगवर एक परवानाधारक हवा. म्हणून वाडीतले निवडक लोक शिकाऊ परवान्याची परीक्षा देताहेत. टाकीजवळ रोज संध्याकाळी अभ्यास चालतो. सासूबाई घेतात. हातात काठी, भिंतीवर माझे खुणांचे तक्ते. काल त्या 'प्रवेश बंद' दाखवून म्हणाल्या, "हे काय?" सगळे एका सुरात म्हणाले, "गोदाम!"

मामांनी परीक्षेत 'पुढे शाळा आहे' या खुणेवर लिहिलं, 'होती. आता छताची दुरुस्ती.' तरी पास झाले. परवाना ऑफिसातला माणूस विचारत होता, वाडीतल्या बायकांना एकाएकी हे काय झालं? इस्त्रीवाल्या काकूंनी सांगितलं, "हौस. जन्मभर इस्त्री फिरवली, आता चाक फिरवायचंय."

ता. २४, मंगळवार

रोज पहाटेपासून धडे. काकू गिअर टाकताना डोळे मिटतात. मामा वळताना हातानं तर दाखवतातच, वर तोंडानंही "वळतोय हां" असं ओरडून सांगतात. सासूबाईंना माझा ब्रेक आवडत नाही. मी जरा पाय दाबला की म्हणतात, "कुणी मध्ये पाय घालायचा नाही." माझा रक्तदाब काल तपासला. कमी झालाय. डॉक्टर म्हणाले, काय करताय? मी म्हणालो, वाढेल असंच सगळं करतोय.

एक मात्र हिशेबात बसत नाही. दोन गाड्या, दुसरीवर माझा सहायक शिक्षक, आणि वाडी केवढी! कितीही फेऱ्या मारल्या तरी निम्मे लोक राहतात. कुणाला म्हणू, तुम्ही राहा?

ता. २६, गुरुवार

काय लिहू! आज रिव्हर्सराव माझ्या ऑफिसात आला. दारात उभा राहून बोर्डाकडे बघत म्हणाला, "त्या वेळी आरसा तुटलेला होता माझा."

मी म्हणालो, "मग?"

"मग काही नाही. माझ्याकडे तीन गाड्या आहेत. पहिला धडा रविवारी मीही मोफत ठेवतोय."

मी खुर्ची पुढे केली. माझी कीर्ती ऐकून त्याला पाझर फुटला असणार. ही मागच्या घरातून चहाचे दोन कप घेऊन आली, जणू तो येणार हे तिला माहीतच होतं. त्याला चहात साखर कमी लागते, हे हिला कसं ठाऊक? बायकांना माणूस बघून कळतं बहुतेक. जाताना तो म्हणाला, "वहिनींना सांगा, निरोप मिळाला आमच्या घरी." कसला निरोप, ते विचारायचं राहून गेलं.

ता. ३०, सोमवार

काल लिहायला बसलो असतो तर पेन हातातून पडलं असतं. आज सकाळी लिहितोय.

पहिल्या फेरीला स्टिअरिंगवर इस्त्रीवाल्या काकू. मागे तिघी, ठेवणीतल्या साड्या नेसून, मांडीवर ओळखपत्रं. नाक्यावर पोलिसानं हात आडवा केला. "मतदारांची वाहतूक बंद आहे."

"वाहतूक कसली? शिकवणी आहे," मी म्हणालो आणि शिक्क्याचा कागद दिला. त्यानं तो वाचला, काकूंचा परवाना पाहिला, काकूंना पाहिलं.

"काय मावशी, आजच शिकायची हौस आली?"

"पहिला धडा मोफत आहे, साहेब," काकू म्हणाल्या. "दुसऱ्याला पैसे पडतात."

त्यानं कुणाला तरी फोन लावला. आमच्या मागे गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. फोनवर तो तीनदा "हो बाई" म्हणाला आणि आडवा केलेला हात खाली घेतला. "जाऊ द्या. पण चढावर गाडी मागे आली तर मी जबाबदार नाही."

आली नाही. हळूहळू चढली, इतकी हळू की मागच्या तिघींनी तेवढ्यात जपाची माळ पूर्ण केली असती. पुलावर चढल्यावर काकूंनी डोळे उघडले, हे मला मागाहून कळलं.

मग दिवसभर तेच. माझ्या दोन आणि रिव्हर्सरावाच्या तीन, पाच शिकाऊ पाट्या पुलावरून पुढेमागे. साहेबांची मोठी गाडी एकदा आमच्यामागे अडकली. पुढे मामा होते, आणि मामा काही घाई करणारे नव्हेत. आतून पांढरेबूट हातवारे करत होता. मामांनी काच खाली करून हात बाहेर काढला आणि "वळतोय हां" म्हणून सांगितलं. वळले पुढच्या चौकात. दुपारपर्यंत नाक्यावरचा पोलीस लांबूनच अडथळा बाजूला करायला लागला. एकदा खिडकीशी वाकून हळूच विचारलं, "माझ्या आईला शिकवाल का हो? तिचं मत पलीकडच्या वॉर्डात आहे, पण तिला आवडेल."

सासूबाई प्रत्येक फेरीला म्हणत, "आधी त्यांना न्या, माझे गुडघे बसल्या जागी बरे आहेत." हिचं मत दुपारीच झालं. मला विचारलं तर मी म्हणायचो, माझं काय, मी तिकडेच तर जाऊन-येऊन आहे, शेवटच्या फेरीत देईन.

शेवटची फेरी निघाली तेव्हा सहाला थोडाच वेळ राहिला होता, आणि सहाला केंद्र बंद. स्टिअरिंगवर सासूबाई. चढाच्या मध्यावर पुढचा टेम्पो थांबला आणि आम्हीही थांबलो. सासूबाईंनी क्लच अर्धा सोडला, गाडी थरथरली, हँडब्रेक काढला आणि गाडी अशी वर गेली की एक इंच मागे आली नाही. वर पोचल्यावर माझ्या लक्षात आलं, भीतीनं मी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले होते. मी काही केलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "बघितलंत? मध्ये पाय घातला नाही की होतं."

गोदामाची रांग फाटकाबाहेर भिंतीच्या कडेनं आली होती. बहुतेक आमचीच वाडी. सगळ्यांना उतरवलं आणि सासूबाई शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "या लवकर."

आता इथे जे झालं त्याला दुसरा कुणी जबाबदार नाही. गाडी तिथेच सोडून रांगेत उभा राहिलो असतो तर काम झालं असतं. पण तिथे पार्किंगला बंदी होती. पुढे गेलो तर जागा नाही. त्याच्या पुढे साहेबांच्या प्रचाराचा ट्रक आडवा. शेवटी दोन गाड्यांमध्ये एक फट दिसली. तीही अशी की मागे घेऊनच शिरायचं. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलोय, वाकडी लावलेली गाडी म्हणजे वाकडं मन. पहिल्यांदा घेतली, तिरकी गेली. पुन्हा काढली. पुन्हा घेतली, चाक कडेला लागलं. घड्याळ बघितलं. रांग इतकी लांब राहिली होती की धावलो असतो तरी वेळेत पोचलो नसतो. सगळी वाडी नेली आणि आपण राहिलो, हे तेव्हा कळलं. डोळ्यांत पाणीच आलं. तरी गाडी काढून तिसऱ्यांदा घेतली.

आरशात बघत मागे घेत होतो, तर आरशात सासूबाई. माझ्याकडे पाठ करून, काठी टेकत, एकेक पाऊल मागे मागे येताहेत. त्यांच्या पुढे काकूंची सून, तिच्या पुढे आणखी कुणी, आणि प्रत्येकजण पुढच्यापासून हातभर मागे सरकतोय, मग आणखी हातभर. रांग रबरासारखी लांबत होती. कुणी जागा सोडली नव्हती, कुणी पुढे घुसलं नव्हतं. फक्त मागे चालत होते, सगळे, तोंडं गोदामाकडे करून. सासूबाई मोठ्यानं म्हणत होत्या, "मागे या, आणखी मागे या, अजून जागा आहे!" मी ब्रेक दाबला तेव्हा त्यांची पाठ माझ्या खिडकीला लागली. त्यांनी न वळता हात आत घातला आणि माझी कॉलर पकडली.

केंद्रावरचा अधिकारी चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन भराभर चालत आला. सहाला रांगेत असतील त्यांना चिठ्ठ्या मिळतात आणि त्या शेवटच्या माणसापासून वाटतात, म्हणजे मागाहून कुणी घुसू नये. तो चालून चालून घामाघूम झाला होता.

"शेवटचं कोण?"

सगळ्या रांगेनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"हे तर गाडीत आहेत!"

"रांगेतच आहेत," सासूबाई म्हणाल्या. कॉलर सोडली नव्हती. "फक्त बसलेत."

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिट बाकी होतं. त्यानं रांगेकडे पाहिलं, सासूबाईंच्या हाताकडे पाहिलं, मग पहिल्या नंबरची चिठ्ठी खिडकीतून आत दिली आणि म्हणाला, "आधी इंजिन बंद करा." गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर होती. मी तिला तशीच वाकडी सोडून उतरलो.

आमचा नंबर यायला खूप वेळ लागला. मामा परत आले आणि सोबत म्हणून भिंतीला टेकून उभे राहिले. रिव्हर्सरावानं माझी गाडी सरळ करून लावली. मोजणी परवा आहे. परवान्याचं काय होईल तेही पुढे कळेल. आज दोन्हींची काळजी वाटत नाही, का कोण जाणे.

घरी आल्यावर हिनं विचारलं, सासूबाईंनी विचारलं, समोरून रिव्हर्सरावानंही ओरडून विचारलं, कुणाला दिलंत? मी कुणालाच सांगितलं नाही. या वहीत मी कालपर्यंत काही लपवलं नाही, पण ते इथेही लिहिणार नाही. ते मत माझं आहे, आणि ते मला देता यावं म्हणून अख्खी वाडी उलटी चालत आली होती.